आकडा रक्तस्रावाचा, धोका गुठळीचा

पावसाळा लागला की ‘पेशी’ हा शब्द घराघरात पोचतो. ‘आज किती आल्या?’ ‘काल नव्वद होत्या, आज साठ.’ पुढे हजार म्हणायची कुणाला गरज वाटत नाही. बरेच जण त्यांना पांढऱ्या पेशी म्हणतात. त्या पांढऱ्या पेशी नव्हेत, प्लेटलेट्स. डेंग्यूने आपल्याकडून एक गणित घोकून घेतलंय: आकडा खाली गेला की रक्तस्रावाची भीती, वर आला की सुटलो. खरं तर डेंग्यूतसुद्धा ते अर्धंच लागू पडतं, कारण तिथे माणूस जातो तो बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्तदाब कोसळल्याने. पण अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे एपीएस, हा शरीराने स्वतःविरुद्धच बनवलेल्या प्रतिपिंडांमुळे (अँटिबॉडीजमुळे) रक्तात गुठळ्या होण्याचा आजार. त्याला हे गणित लावलं तर उत्तर नुसतं चुकत नाही, उलटं येतं.

तिशीतली बाई. डावी पोटरी सुजलेली, दाबली की दुखते. सीबीसीत प्लेटलेट्स ७२ हजार, नेहमीची पातळी दीड ते साडेचार लाख. एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी तपासणी, ५८ सेकंद. शेजारी कंट्रोल ३०. रिपोर्ट हातात घेणारा कुणीही म्हणेल की हिला रक्तस्राव होणार. आणि डॉपलर सोनोग्राफीत दिसतं की मांडीतल्या खोल शिरेत गुठळी बसली आहे. दोन्ही आकडे खरे आहेत. फक्त ते ज्या गोष्टीबद्दल बोलतायत असं आपल्याला वाटतं, त्या गोष्टीबद्दल ते बोलत नाहीत.

आधी एपीटीटीचं कोडं सोडवू, कारण ते सुटलं की प्लेटलेट्सचं सोपं जातं.

रक्त गोठवणारे घटक हवेत तरंगत काम करत नाहीत. त्यांना बसायला जागा लागते, आणि ती जागा म्हणजे फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंचा पृष्ठभाग. शरीरात तो उद्दीपित प्लेटलेट्सच्या पडद्यावर मिळतो. परीक्षानळीत प्लेटलेट्स नसतात, म्हणून लॅब तो बाहेरून घालते. एपीएसमधली प्रतिपिंडं नावावरून वाटतं तशी थेट फॉस्फोलिपिडला चिकटत नाहीत. त्यातली महत्त्वाची चिकटतात बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ या रक्तातल्या प्रथिनाला. हे प्रथिन एरवी मुटकुळं करून फिरतं. फॉस्फोलिपिडवर बसलं की हॉकीच्या काठीसारखं उलगडतं, त्याचा झाकलेला भाग उघडा पडतो आणि प्रतिपिंड नेमकं तिथे धरतं. मग ही जोडगोळी पृष्ठभागावरून हलत नाही.

एसटीच्या सीटवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच. गोठवणारे घटक दारातून आत येईपर्यंत सगळ्या सीटांवर रुमाल. गाडी सुटायला उशीर. एपीटीटी लांबतो तो हा. पण हा प्रकार नळीतल्या त्या एका गाडीपुरता. शरीरात पृष्ठभाग जिवंत पेशींचे असतात. तिथे हीच प्रतिपिंडं रक्तवाहिनीच्या अस्तराला डिवचतात, मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना गोठण सुरू करणारं टिश्यू फॅक्टर हे प्रथिन बाहेर काढायला लावतात, प्लेटलेट्सना चिकट बनवतात. नळीत गोठायला अडथळा, शिरेत गोठायला आमंत्रण.

या प्रतिपिंडाच्या नावाइतकं दिशाभूल करणारं नाव वैद्यकात क्वचित सापडेल. १९५२ साली कॉन्ली आणि हार्टमन यांनी ल्युपस या, शरीर स्वतःवरच उलटण्याच्या आजाराच्या दोन रुग्णांत हा गोठण-अडथळा नोंदवला. पुढे १९७२ साली त्याला ‘ल्युपस अँटिकोॲग्युलंट’ म्हणायला सुरुवात झाली. ज्यांच्यात तो सापडतो त्यांतल्या अनेकांना ल्युपस नसतो, आणि शरीरात तो अँटिकोॲग्युलंट तर अजिबात नाही. रिपोर्टवर ‘ल्युपस अँटिकोॲग्युलंट: पॉझिटिव्ह’ वाचून कुणी रक्त पातळ करणारी गोळी बंद केली, तर त्या चुकीचा अर्धा दोष मी नावाला देईन.

त्याच्या नात्यातल्या दुसऱ्या प्रतिपिंडाची गोष्ट आणखी जुनी. सिफिलिस या गुप्तरोगासाठी १९०६ साली वासरमन चाचणी निघाली. तिच्यात प्रतिपिंडं ज्याला धरत होती तो पदार्थ १९४१ च्या सुमारास मेरी पँगबॉर्न यांनी गाईबैलांच्या हृदयातून वेगळा केला. हृदयातून मिळाला म्हणून कार्डिओलिपिन. आजच्या व्हीडीआरएल चाचणीतही कार्डिओलिपिनच असतं, आणि आपल्याकडे गरोदरपणाच्या पहिल्या तपासण्यांत व्हीडीआरएल ठरलेली. एपीएसच्या बाईची ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. सिफिलिसची नेमकी चाचणी, टीपीएचए, निगेटिव्ह आली की तो प्रश्न संपतो, पण तोवर घरात जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. आणि ‘खोटी पॉझिटिव्ह’ म्हणून तो कागद फाइलला लावून टाकला, आधी गर्भपात झालेत का, हे कुणी विचारलंच नाही, तर हाताशी आलेला धागा निसटतो. १९८३ साली लंडनमध्ये ग्रॅहम ह्यूज आणि सहकाऱ्यांनी गुठळ्या, गर्भपात आणि ही प्रतिपिंडं हे सगळं एका माळेत ओवलं. म्हणून काही ठिकाणी याला ह्यूज सिंड्रोम म्हणतात.

आता तपासणी, आणि इथे घोणस येते. अक्षरशः.

ल्युपस अँटिकोॲग्युलंटसाठी एक चाचणी पुरत नाही, वेगवेगळ्या तत्त्वांवरच्या दोन लागतात. एक एपीटीटीच्या जातीची, दुसरी डीआरव्हीव्हीटी. या लांबलचक अक्षरांतली पहिली चार म्हणजे घोणसीचं पातळ केलेलं विष. घोणस चावलेला माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात आला की कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करतात. रक्त पाण्यासारखं ओघळलं तर प्रतिविष सुरू. हे विष रक्त गोठण्याच्या दहाव्या घटकाला, फॅक्टर टेनला, थेट पेटवतं. शरीरभर असं झालं की गोठवणारे घटक जळून संपतात आणि रक्त गोठेनासं होतं. लॅबमध्ये तेच विष मोजून मापून वापरतात. ते आधीच्या सगळ्या पायऱ्या ओलांडून थेट दहाव्या घटकापाशी उतरतं, त्यामुळे आठव्या-नवव्या घटकाच्या कमतरतेचा गोंधळ आपोआप टळतो. पुढच्या प्रवासाला मात्र फॉस्फोलिपिड लागतंच, आणि ते मुद्दाम कमी ठेवलेलं असतं.

पहिली पायरी, स्क्रीन: थोडं फॉस्फोलिपिड, वेळ लांबला का? दुसरी, मिक्स: रुग्णाचा आणि निरोगी माणसांचा प्लाझ्मा (पेशी काढून उरलेलं रक्तातलं पाणी) निम्मा-निम्मा. एखादा घटक कमी असेल तर तो भरून निघतो आणि वेळ सुधारतो; अडवणारं कुणी असेल तर नाही. तिसरी, कन्फर्म: भरपूर फॉस्फोलिपिड घाला. म्हणजे फलाटाला आणखी चार गाड्या लावल्या. रुमाल कमी पडतात, प्रवासी बसतात, वेळ पूर्ववत होतो. स्क्रीन आणि कन्फर्म यांचं प्रमाण साधारण १.२ च्या वर गेलं की पॉझिटिव्ह. नेमका आकडा लॅबने आपल्या रीएजंटवर ठरवलेला असावा.

ही चाचणी बिघडते ती बहुतेक वेळा मशीनवर नाही, त्याच्या आधी. निळ्या झाकणाच्या नळीत ०.३ मिली सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रावण, असतं, त्यात २.७ मिली रक्त हवं. रेघेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट जास्त होतं आणि वेळ उगीच लांबतो. प्लाझ्मा एकदा नाही, दोनदा फिरवायचा. दुसऱ्यांदा फिरवल्यावर तळातला थेंब न घेता वरचा उचलायचा. प्लेटलेट्स १० हजारांच्या खाली आल्या पाहिजेत. उरल्या आणि नमुना गोठवून दुसऱ्या शहरात पाठवला, तर वितळताना त्या फुटतात. फुटलेली प्रत्येक प्लेटलेट म्हणजे फॉस्फोलिपिडची जादा गाडी. खरा पॉझिटिव्ह नमुना निगेटिव्ह होऊन परत येतो. गल्लीतल्या कलेक्शन सेंटरवर सकाळी रक्त घेतलं, दुपारी कुरियरच्या डब्यात गेलं, संध्याकाळी फिरवलं, अशा नमुन्याच्या निगेटिव्हवर मी भरवसा ठेवणार नाही.

उलट चूक औषधांमुळे होते. रक्त पातळ करणारं रिव्हारोक्साबान चालू असताना घोणसीची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येते. वॉरफरिन आणि हेपरिनही निकाल गढूळ करतात. म्हणून शक्य असेल तर रक्त औषध सुरू करण्याआधीच काढून ठेवावं. नंतर काढलं तर फॉर्मवर औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची वेळ लिहावी. फॉर्मवर तशी जागा नसली तर समासात.

सोबत दोन एलायझा, म्हणजे प्रतिपिंडं थेट मोजणाऱ्या चाचण्या: अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-२, दोन्हींचे आयजीजी आणि आयजीएम हे प्रकार. यांना औषधांचा त्रास नसतो. आणि सगळं १२ आठवड्यांनी पुन्हा. साध्या विषाणूच्या तापानंतरही ही प्रतिपिंडं काही आठवडे दिसून विरतात, त्यामुळे एका रिपोर्टवर आयुष्यभराचं निदान चिकटवायचं नसतं. तीनही चाचण्या पॉझिटिव्ह आणि १२ आठवड्यांनीही तशाच राहिल्या, तर गुठळीचा धोका सर्वांत जास्त. आयजीएम तेवढं जरासं वाढलेलं, बाकी सगळं कोरं, तर घाबरण्यासारखं फारसं नाही.

आता प्लेटलेट्स. ७२ हजार हा आकडा खरा आहे का, हे आधी बघायचं. सीबीसीच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं. काही माणसांच्या रक्तात असं एक प्रतिपिंड असतं जे फक्त ईडीटीएच्या सान्निध्यात प्लेटलेट्सचे पुंजके करतं. मशीन पुंजक्याला एक पेशी समजतं किंवा मोजतच नाही. मग धडधाकट माणसाचे काउंट ४० हजार. उपाय स्वस्त आहे: काचपट्टीवर थेंब ओढायचा आणि स्मिअरच्या शेपटीकडचा पातळ, पिसासारखा कडा बघायचा. पुंजके तिथे जाऊन साचतात. तेलाच्या भिंगाखाली एका क्षेत्रात सरासरी जितक्या प्लेटलेट्स दिसतात त्याला १५ हजारांनी गुणलं की ढोबळ आकडा हाती येतो. पुंजके दिसले तर निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा मोजायचं आणि उत्तराला १.१ ने गुणायचं, कारण सायट्रेटने रक्त दहा टक्के पातळ केलेलं असतं. हे न करता स्टेरॉइड सुरू झाल्याची उदाहरणं जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेली आहेत.

आकडा खरा निघाला, तर त्या जातात कुठे? एपीएसच्या दर चार-पाच रुग्णांत निदान एकाच्या प्लेटलेट्स कमी असतात, बहुतेकदा ५० हजार ते दीड लाख या पट्ट्यात. वाटा निरनिराळ्या आहेत. बीटा-२ आणि प्रतिपिंडाची जोडी प्लेटलेटच्या पृष्ठभागावर बसून तिला चेतवते. चेतलेली प्लेटलेट चिकटते, वापरली जाते, मोजणीतून वजा होते. ही वाट सरळ गुठळीकडे जाते. दुसरी वाट आयटीपी या, शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्स मारण्याच्या आजारासारखी: वेगळीच प्रतिपिंडं प्लेटलेटवरच्या जीपी-टूबी-थ्रीए या प्रथिनाला धरतात आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी तिला गिळतात. एकाच माणसात दोन्ही चालू असू शकतं. प्लेटलेट एरवी सात ते दहा दिवस जगते. इथे तिचं आयुष्य कापलं जातं आणि अस्थिमज्जा नव्या बनवत राहते. त्या नव्या प्लेटलेट्स आकाराने मोठ्या आणि कामाला तिखट असतात. म्हणून ७० हजारांवर अशा माणसाला सहसा काही होत नाही. हिरड्यांतून रक्त नाही, त्वचेवर लाल ठिपके नाहीत.

वर्गीकरणाच्या नियमांना हे उमगायला वेळ लागला. २००६ च्या निकषांत कमी प्लेटलेट्सना स्थान नव्हतं. २०२३ च्या निकषांत २० हजार ते १ लाख ३० हजार या पट्ट्यातल्या आकड्याला दोन गुण मिळाले. क्लिनिकल बाजूला किमान तीन लागतात, म्हणजे नुसत्या प्लेटलेट्सवर कुणी एपीएसवालं ठरत नाही. हे निकष संशोधनासाठी आहेत, ओपीडीत पेन्सिलने बेरीज करण्यासाठी नव्हेत, हेही खरं.

सगळ्यात अवघड प्रश्न असतो ताजी गुठळी आणि खाली गेलेला आकडा एकत्र आल्यावर. सर्वसाधारण रीत अशी: ५० हजारांच्या वर रक्त पातळ करणारं औषध पूर्ण मात्रेत. २५ ते ५० हजारांत मात्रा कमी, बहुधा हेपरिनची, कारण ते लवकर आवरता येतं. २५ हजारांच्या खाली औषध तात्पुरतं थांबवून आकडा झपाट्याने वर काढायचा. हे उंबरे दुसऱ्या आजारांतल्या अनुभवातून उसने आलेत, त्यामुळे अनुभवी रक्तविकारतज्ज्ञ ते दगडावरच्या रेघेसारखे वापरत नाहीत. ७२ हजारांवर मात्र वादाला जागा नाही. तिथे ‘पेशी वाढू द्या, मग गोळी सुरू करू’ म्हणणं म्हणजे गुठळीला मुदत देणं.

आकडा वर काढायचा तो ३० हजारांच्या खाली गेला किंवा रक्तस्राव दिसला तर. प्रेडनिसोलोन दर किलोला १ मिलिग्रॅम. घाई असेल तर इम्युनोग्लोब्युलिन, दर किलोला १ ग्रॅम, दोन दिवस. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ६० ग्रॅम. ५ टक्क्यांची १०० मिलीची बाटली ५ ग्रॅमची, म्हणजे बारा बाटल्या. त्या भराभर सोडायच्या नाहीत. हे औषध स्वतः रक्त दाट करतं, म्हणून संथ गतीने आणि पुरेसं पाणी देऊन. दाद मिळाली नाही तर प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींची फळी तोडणारं रिटुक्सिमॅब. अस्थिमज्जेला चाबूक मारणाऱ्या एल्ट्रोम्बोपॅगसारख्या गोळ्यांपासून इथे जपून राहावं. चेतवणारं कारण तसंच ठेवून चेतणाऱ्या पेशींची संख्या वाढवली की गुठळ्या होऊ शकतात, आणि झाल्याही आहेत. पपईच्या पानांच्या रसाचं इथे काही काम नाही. दात्याच्या प्लेटलेट्सच्या पिशव्या फक्त जिवावरच्या रक्तस्रावासाठी. एरवी त्या काही तासांत नाहीशा होतात.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, दिवसाला दर किलोला ५ मिलिग्रॅमपर्यंत, हे हळूबाई औषध आहे. महिने लागतात. पण ल्युपस सोबत असेल तर ते असलंच पाहिजे, आणि वर्षाच्या आत एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा.

हेपरिनवर असलेल्या रुग्णाच्या प्लेटलेट्स पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास अचानक निम्म्यावर आल्या, तर दुसरा संशयित उभा राहतो: खुद्द हेपरिन. त्याचाही रक्तस्रावापेक्षा गुठळीशीच जास्त संबंध. ‘तिच्या पेशी कमीच असतात’ म्हणून इथे डोळेझाक झाली तर महागात पडतं. म्हणून हेपरिन सुरू करायच्या दिवशीचा आकडा लिहून ठेवायचा.

दीर्घकाळासाठी वॉरफरिन किंवा आपल्याकडे जास्त चालणारं ॲसेनोकुमॅरॉल, आयएनआर (या गोळ्यांवर रक्त किती उशिरा गोठतं त्याचं प्रमाण) २ ते ३. रिव्हारोक्साबानसारख्या नव्या गोळ्या आयएनआरच्या कटकटीतून सोडवतात म्हणून मोह होतो. पण २०१८ च्या इटलीतल्या ट्रॅप्स चाचणीत तिन्ही प्रतिपिंडं पॉझिटिव्ह असलेल्यांना रिव्हारोक्साबान दिलं, तेव्हा १२ टक्क्यांना लकवा किंवा हार्ट अटॅक आला आणि वॉरफरिनच्या गटात एकालाही नाही. चाचणी मधेच थांबवावी लागली. आयएनआरचीही एक मेख आहे: काही जणांत ल्युपस अँटिकोॲग्युलंट त्या चाचणीतसुद्धा रुमाल टाकतं, आणि बोट टोचून मोजणाऱ्या घरगुती मशीनवर तर जास्तच. मशीन ४ दाखवतं, खरं २ असतं, डोस कमी केला जातो. संशय आला तर क्रोमोजेनिक फॅक्टर टेन, म्हणजे दहावा घटक थेट मोजणारी तपासणी, करून घ्यावी. २० ते ४० टक्के म्हणजे साधारण २ ते ३ आयएनआर.

घरातल्या गोष्टी थोडक्यात. पालक, मेथी, कोबी, कोथिंबीर बंद करायची नाही; रोज साधारण सारखी खायची. श्रावणभर पालेभाज्या आणि मग आठवडाभर मटण, असं झालं की आयएनआर हिंदोळ्यावर बसतो. अंगदुखीला डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन नाही. मेट्रोनिडाझोल आयएनआर वर नेतं, टीबीचं रिफाम्पिसिन खाली ओढतं. आणि गौरी-गणपतीला पाळी पुढे ढकलणाऱ्या गोळ्या: दुकानात सहज मिळणारं नॉरएथिस्टेरॉन त्या मात्रेत शरीरात काही प्रमाणात इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. प्रतिपिंडं असलेल्या बाईने ती गोळी मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नये. गरोदरपणात वॉरफरिन गर्भाला घातक, म्हणून दिवस राहताच हेपरिनची इंजेक्शनं आणि ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन. त्यात शेवटच्या महिन्यांत प्लेटलेट्स घसरल्या तर साधी गरोदरपणातली घट, एपीएस आणि हेल्प सिंड्रोम (गरोदरपणात लाल पेशी फुटणं, लिव्हर बिघडणं, प्लेटलेट्स घसरणं) हे तीन ओळखायचे असतात. रक्तदाब, लिव्हरची एन्झाइम्स आणि स्मिअर सोबत पाहिल्याशिवाय ते जमत नाही.

वर्षानुवर्षं ७०-८० हजारांवर स्थिर असलेला आकडा मला फारसा छळत नाही. छळतो तो हलणारा आकडा. एपीएसच्या शंभरातल्या एखाद्यालाही होत नाही असा एक भयंकर प्रकार आहे, कॅटास्ट्रॉफिक एपीएस. १९९२ साली ॲशरसन यांनी तो वेगळा मांडला. आठवड्याच्या आत तीन किंवा अधिक अवयवांच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या, आणि आजही जवळपास तीनातला एक दगावतो. निमित्त साधं असतं: लघवीचं इन्फेक्शन, दाताचं काम, शस्त्रक्रियेसाठी पाच दिवस बंद केलेली गोळी जी मधे हेपरिनचा पूल न बांधता बंद केली. ताप, धाप, किडनीचं क्रिएटिनिन चढतंय, आणि परवा ८० असलेल्या प्लेटलेट्स आज ३५. पावसाळा असेल तर वॉर्डात पहिला शब्द ‘डेंग्यू’ निघतो. ब्लड बँकेला प्लेटलेट्ससाठी फोन जाण्याआधी एक थेंब काचपट्टीवर ओढून बघायला पाच-दहा मिनिटं लागतात. भिंगाखाली तुटक्या, शिरस्त्राणाच्या आकाराच्या, म्हणजे बारीक वाहिन्यांतल्या गुठळ्यांनी चिरलेल्या लाल पेशी दिसल्या, तर फोन प्लाझ्मा एक्स्चेंजच्या, म्हणजे प्रतिपिंडांसकट प्लाझ्मा बदलणाऱ्या मशीनसाठी करायचा असतो.